गोळ्यांची पिशवी सोबत न्या

बीपी आणि शुगर हे शब्द आता आपल्या बचत गटाच्या प्रत्येक बैठकीत निघतात. कोलेस्टेरॉलचं नाव मात्र कुणी काढत नाही, कारण ते दुखत नाही की चक्कर आणत नाही. रक्त तपासल्याशिवाय ते कळतच नाही.

आमच्या गटातल्या एका ताईच्या घरच्यांना हृदयविकाराचा झटका आला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी झाली. घरी येताना डॉक्टरांनी इतर गोळ्यांसोबत अटोर्वास्टॅटिन लिहून दिली. तीन महिन्यांनी रिपोर्ट चांगला आला आणि भाऊंनी ती गोळी बंद केली. नॉर्मल आलं, मग कशाला खायची? आता सांगा, रिपोर्ट चांगला आला कशानं? गोळीनंच ना! ती सोडली की काही आठवड्यांत कोलेस्टेरॉल पुन्हा चढतं, आणि स्टेंट बसवलेल्या माणसाला ते परवडत नाही. भाऊंना हे कुणी समजावलंच नव्हतं. ओपीडीच्या गर्दीत डॉक्टर तरी किती बोलणार?

म्हणून मी म्हणते, फार्मासिस्टला विचारा. आपण मेडिकलमध्ये जुनी पट्टी दाखवतो, पैसे देतो आणि निघतो. पण औषध कसं घ्यायचं हे रुग्णाला समजावून सांगणं हे नोंदणीकृत फार्मासिस्टचं कामच आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत तसं लिहिलेलं आहे. सरकारी दवाखान्यात औषधाच्या खिडकीवर बसतात त्यांनाही विचारता येतं. फक्त बाजाराच्या दिवशी जाऊ नका, दुपारी गर्दी नसताना जा.

जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घाला. बीपीच्या, शुगरच्या, गुडघ्याच्या, वैदूनं दिलेली पुडीसुद्धा. एका काकूंच्या पिशवीत दोन पट्ट्या निघाल्या, एक यवतमाळच्या डॉक्टरांची, एक तालुक्याच्या. वरची मोठी नावं वेगळी, खाली बारीक अक्षरातलं औषध एकच. काकू रोज दोन्ही घेत होत्या! फार्मासिस्टनं चिठ्ठी लिहून त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. डोस बदलायचा तो डॉक्टरांनीच.

आता अंगदुखीचं. या गोळीनं काहींचे स्नायू दुखतात, मांड्या, खांदे. पण कापूस वेचायच्या दिवसांत कोणाचं अंग दुखत नाही, बाप्पा? म्हणून दुखणं कधीपासून आहे, गोळी सुरू झाल्यानंतरचं की वावरातल्या कामाचं, हे नीट सांगा. अंग दुखतं म्हणून स्वतःच गोळी बंद करू नका. मात्र दुखणं फार असेल, अशक्तपणा आला किंवा लघवी गडद तांबूस झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. दुसऱ्या आजारासाठी अँटिबायोटिक लिहून दिलं, तरी ही गोळी चालू आहे हे सांगा. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही औषधं हिच्यासोबत चालत नाहीत. दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल, तर न लाजता आधी सांगा. दुकानात पुरुषमाणसं उभी असतील तर "भाऊ, जरा बाजूला या" म्हणायचं.

महाग पडते म्हणून एक दिवसाआड गोळी खाणाऱ्याही आहेत. त्यांनी जनऔषधी केंद्रात चौकशी करावी. तिथे हेच औषध बरंच स्वस्त मिळतं. जाताना डॉक्टरांची चिठ्ठी तेवढी विसरू नका.