नमुना आणि आकडा



ज्या शिक्षकांच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण जमलो आहोत, त्यांच्या रसायनशास्त्रातील एक लहानसा प्रश्न मी आज निवडला आहे. कागद गिरणीतील द्रवांत असेंद्रिय कार्बन किती, हे कसे मोजावे?

निपाणी हा तंबाखूचा मुलूख. चुन्याची डबी येथे कोणालाच नवी नाही. डबी उघडी राहिली की चुन्यावर पापुद्रा धरतो. हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन चुन्याची चुनखडी बनते. हा पापुद्रा कृपया ध्यानात असू द्यावा.

बेळगावच्या दक्षिणेस, काळी नदीच्या काठी दांडेलीत 1955 साली स्थापन झालेली वेस्ट कोस्ट पेपर मिल्स आहे. लाकडाचा लगदा करणाऱ्या मोठ्या गिरण्यांत बहुधा सल्फेट पद्धती वापरतात. लाकडाचे तुकडे कॉस्टिक सोडा व सोडियम सल्फाइड यांच्या ‘पांढऱ्या द्रवा’त शिजवतात. उरलेला ‘काळा द्रव’ आटवून भट्टीत जाळतात. भट्टीच्या तळाचा वितळलेला क्षार पाण्यात विरघळवला की ‘हिरवा द्रव’ मिळतो. त्यातील सोडियम कार्बोनेटाचे चुन्याच्या साहाय्याने पुन्हा कॉस्टिक सोड्यात रूपांतर करतात. हे रूपांतर साधारणतः शंभरात 80 ते 85 भागच होते. उरलेले कार्बोनेट लाकूड शिजवण्याच्या कामी येत नाही; ते फेरीमागून फेरी फिरत राहते आणि आटवणीच्या नळ्यांत खपली धरण्यास हातभार लावते. चुना भरमसाट वाढवावा, तर गाळ नीट निवळत नाही. म्हणून मोजमापावाचून गत्यंतर नाही.

पांढऱ्या द्रवात बेरियम क्लोराइड घालून कार्बोनेटाचा साका पाडता येतो आणि आम्लाच्या अनुमापनांतील फरकावरून त्याचे प्रमाण काढता येते. काळ्या द्रवात मात्र गडद रंग व लाकडातील सेंद्रिय द्रव्ये आड येतात. तेथे बंद पात्रात आम्ल घालून कार्बन डायऑक्साइड मुक्त करतात, नायट्रोजनच्या प्रवाहाबरोबर बाहेर काढतात, सोबतचा हायड्रोजन सल्फाइड अडवतात आणि अवरक्त किरणांच्या साहाय्याने तो मोजतात. 12 ग्रॅम कार्बन सापडला, तर मूळ द्रवात 106 ग्रॅम सोडियम कार्बोनेट होते, असा हिशेब.

आता तो पापुद्रा आठवावा. हे द्रवही हवेतून कार्बन डायऑक्साइड शोषतात. टाकीपासून प्रयोगशाळेपर्यंत नमुना उघडा राहिला, तर उत्तमातले उत्तम उपकरणही हवेतला कार्बन गिरणीच्या खाती मांडील. बाटली काठोकाठ भरावी, बूच घट्ट लावावे, विलंब टाळावा. रात्रपाळीत हे काम बहुधा एखादा तरुण एकटाच करतो. त्याच्या नोंदीवर चुना किती घालायचा हे ठरते. नोंद चुकीची असेल, तर पुढचे सारे कामगार चुकीच्या आकड्यावर राबतात.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी अशा प्रयोगशाळेत उभा राहील. तेव्हा उपकरणाकडे पाहण्यापूर्वी बाटलीचे बूच पाहावे, इतकीच विनंती करून आपली रजा घेतो.