हास्केलचा कोड जावात नेताना काय सुटतं?

आजचा विषय थोडा टेक्निकल आहे, पण लोकलमध्ये उभ्या उभ्या ऐकलात तरी समजेल.

सध्या आमच्या टीमकडे एक काम आलंय. पेमेंटचा हिशोब ठेवणारा हास्केलमधला जुना कोड जावात न्यायचाय. कारण साधंच आहे: हास्केल येणारे आम्ही दोघंच, जावा सगळ्यांना येतं. अशा कामात पहिला मोह होतो तो ओळीला ओळ लावत जायचा. फंक्शन दिसलं की मेथड, टाइप दिसला की क्लास. कोड चालतोसुद्धा. पण एक गोष्ट गुपचूप मागे राहते, ती म्हणजे कंपायलरचा पहारा.

समजा, पेमेंटच्या तीन अवस्था आहेत: पेंडिंग, सक्सेस, फेल. हास्केलमध्ये या तिन्ही एकाच टाइपमध्ये असतात. उद्या 'रिफंड' ही चौथी आली, तर वॉर्निंग चालू असताना कंपायलर राहिलेली प्रत्येक जागा दाखवतो. तेच जावात स्ट्रिंग आणि इफ-एल्सने लिहिलं तर कंपायलर गप्प बसतो. रिफंड शेवटच्या एल्समध्ये जाऊन पडतो आणि कुणाचे तरी पैसे अडकतात.

मग करायचं काय? दोन रस्ते आहेत.

पहिला, प्रत्येक अवस्थेचा वेगळा क्लास आणि सगळ्यांना एक इंटरफेस. नवी अवस्था जोडणं सोपं, पण नवं काम जोडायचं म्हटलं की सगळे क्लास उघडावे लागतात. हास्केलमध्ये बरोबर उलटं असतं. या ओढाताणीला फिलिप वॅडलर यांनी १९९८ मध्ये 'एक्स्प्रेशन प्रॉब्लेम' असं नाव दिलं.

दुसरा रस्ता नवा आहे. सील्ड इंटरफेस, रेकॉर्ड आणि पॅटर्न मॅचिंगवाला स्विच. २०२३ मध्ये आलेल्या जावा २१ पासून हे तिन्ही पक्के झालेत. एखादी अवस्था राहिली तर कोड कंपाइलच होत नाही. फक्त त्यात 'डिफॉल्ट' लिहू नका. लिहिलंत की पहारेकरी पुन्हा झोपला!

आमच्याकडे अवस्था मोजक्या आहेत, पण त्यांच्यावर रिपोर्ट, ईमेल, हिशोब अशी कामं वाढत राहतात. म्हणून आम्ही दुसरा रस्ता धरला.

आणखी एक, रिकर्शन तसंच्या तसं उचलू नका. जेव्हीएम टेल कॉलसाठी स्टॅक वाचवत नाही. यादी लांबलचक आली की थेट स्टॅक ओव्हरफ्लो. तिथे सरळ लूप लिहा, कमीपणा वाटायचं काही कारण नाही.

आणि जुना कोड लगेच डिलीट करू नका. एकच इनपुट दोन्हीकडे द्या, उत्तरं जुळवून बघा. पैशाचा मामला आहे, 'चालतंय की' एवढ्यावर भागत नाही.

तुम्ही कुठल्या भाषेतून कुठे निघालायत, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!