दुर्मीळ रक्तस्राव आणि रक्ताची तजवीज



मुदत संपल्याने वाया गेलेल्या रक्तपिशव्यांचा खर्च आपण हिशेबात पाहिला असेलच. त्याविषयी थोडे निवेदन.

शौचावाटे रक्त पडले की मूळव्याध वा जठरातील व्रण आठवतो. परंतु तोंडाकडून व गुदद्वाराकडून दुर्बिणीने तपासूनही काहींत कारण सापडत नाही. रुग्ण लहान मूल असल्यास मेकेलच्या पिशवीची शंका घ्यावी लागते. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ योहान मेकेल यांनी १८०९ मध्ये वर्णिलेली ही जन्मजात पिशवी लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, शंभरांतील सुमारे दोघांना असते. बहुतेकांना ती जन्मभर कळतही नाही. काहींच्या पिशवीत मात्र जठराचे अस्तर असते. त्यातील आम्लाने आतड्यास व्रण पडतो आणि पोट न दुखताही मूल पांढरेफटक होते. आतड्याचा तेवढा भाग काढून टोके जोडणे, हा त्यावरील उपाय.

त्यासाठी रक्त हाताशी हवे, आणि ते शीतपेटीतही साधारण ३५ दिवसच टिकते. जालन्याहून छत्रपती संभाजीनगर सुमारे ६० किलोमीटर. रक्तस्राव चालू असलेल्या मुलास हे अंतर थोडे नव्हे. म्हणून, आम्हा हिशेब ठेवणाऱ्यांना कितीही खुपले, तरी हा साठा आम्ही कमी करणार नाही. 'ओ निगेटिव्ह' गटाचे दाते विरळा. आपल्या परिचयात कोणी असल्यास कार्यालयास कृपया कळवावे.