इंदुरात केव्हा खावं

दोन-तीन दिवसांच्या सुट्टीत एखाद्या शहरात जाऊन कुठे काय खावं, यावर दहा मिनिटं बोला असं मला सांगण्यात आलंय. शहर मी इंदूर निवडलं. आता इंदुरात कुठे काय मिळतं हे तुम्हाला ठाऊक आहे. पोहे-जिलबी, छप्पन दुकान, रात्रीचा सराफा, ही नावं आपल्याकडे शाळकरी पोरगंही घडाघडा म्हणून दाखवेल. त्यामुळे त्या यादीत मी वेळ घालवणार नाही. मला बोलायचंय ते केव्हा खावं यावर. कारण आपली माणसं इंदूरला जातात ती बरोबर दुकानात, पण चुकीच्या वेळी. आणि परत येऊन म्हणतात, "ठीक आहे हो, एवढं काही नाही."

आपल्या घरचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणा. सकाळी आठला तिथे फोडणीचा वास असतो. बाराला पोळ्या होत असतात. तीनला ओटा लख्ख पुसलेला असतो आणि आई जरा आडवी झालेली असते. त्या वेळी तुम्ही जाऊन "गरम पोळी वाढ" म्हणालात, तर पोळी मिळेल, पण आधी बोलणी मिळतील. इंदूर हे तसं स्वयंपाकघर आहे. फरक एवढाच की इंदूर बोलणी देत नाही. अगत्याचं गाव आहे ते. जे उरलेलं असेल ते हसतमुखानं वाढतं, वर चिमूटभर जिरावन मसाला घालतं, आणि आपल्याला वाटतं हेच ते प्रसिद्ध पोहे. तिथंच सगळा घोटाळा होतो.

सकाळपासून सुरुवात करू. इंदुरी पोहे आपल्यासारखे कढईत परतून झाकून ठेवलेले नसतात. खाली मोठं पातेलं, त्यात पाणी उकळत असतं, त्यावर पोह्यांची पसरट कढई किंवा परात. पोहे सतत वाफेवर असतात. तेल अगदी बेताचं. फोडणीत बडीशेप, तीही बऱ्यापैकी. कांदा आत नसतोच. तो कच्चा, बारीक चिरून वर येतो, त्यावर शेव, जिरावन, लिंबू आणि कुठेकुठे डाळिंबाचे दाणे. पोहे माळव्यात मराठी मंडळींबरोबर गेले असं तिथली मराठी घरं अभिमानानं सांगतात. गेले असतील. पण आपल्या कांदेपोह्यांशी त्यांचं नातं आता चुलत्याचं उरलंय, तेव्हा तिथे जाऊन "आमच्याकडे असे नसतात" हे सांगू नये. हे जाता जाता.

मुद्दा वाफेचा आहे. सकाळी सात ते नऊ गिऱ्हाइकांची रीघ असते, परात संपते, नवी चढते. म्हणजे तुमच्या वाट्याला येतात ते थोड्या वेळापूर्वी भिजवलेले पोहे. दाणा वेगळा, ओलसर, तोंडात विरघळणारा. अकरानंतर गर्दी ओसरते, आणि तीच परात वाफ खात बसते. वाफेनं पोहे मऊ राहतात हे खरं, पण फार वेळ राहिले की त्यांचा लगदा होतो. जिलबीचंही तेच. पीठ रात्रभर आंबवलेलं असतं, सकाळच्या घाण्यातली जिलबी कडक, दात लावला की आतून पाक निघतो. दुपारची जिलबी चामट. आता सांगा, हॉटेलातला फुकट नाश्ता साडेनऊला उरकून, मग राजवाडा बघून, साडेअकराला "चला, पोहेही चाखू" म्हणणाऱ्या माणसाला काय मिळणार? राजवाडा सात मजली आहे, मल्हारराव होळकरांच्या काळापासून उभा आहे, आगी सोसूनही उभा आहे. तो कुठे जात नाही. पोहे जातात. आधी पोहे, मग वाडा. हॉटेलचा नाश्ता फुकट असला तरी सोडा.

आता सराफ्याबद्दल, कारण रागवायचं मला तिथे आहे.

सराफा हा दिवसा सराफाच असतो. सोन्याचांदीची दुकानं. राजवाड्याच्या मागेच, चालत पाच मिनिटांवर. एका सहल कंपनीनं (नाव घेत नाही) आमच्या ओळखीच्या चाळीसेक माणसांना दुपारी साडेचारला तिथे नेलं. का, तर सहाला बस उज्जैनला निघायची होती. त्या बिचाऱ्यांनी अंगठ्या बघितल्या, एका कोपऱ्यात कचोरी खाल्ली, आणि गावी येऊन सराफा बघितल्याचं सांगितलं. ही म्हणजे तीन वाजताची गरम पोळी झाली. आणि गंमत म्हणजे छापील कार्यक्रमपत्रिकेत "सराफा येथे खाद्यभ्रमंती" असं लिहिलेलंही होतं!

पेढ्यांची शटरं रात्री आठ-साडेआठनंतर खाली येतात. मग त्याच पायऱ्यांवर, त्याच ओट्यांवर शेगड्या, कढया, परातींची मांडामांड सुरू होते. असं का, तर रात्री वर्दळ राहिली की पेढ्यांवर आपोआप पहारा राहतो म्हणून सराफांनीच हे चालू दिलं, असं तिथे सांगतात. म्हणजे साडेआठला गेलात तर लाकडाच्या फळ्या आणि कोरडी भांडी दिसतील. खरा सराफा दहाला रंगात येतो आणि दोन वाजेपर्यंत चालतो. दहा! परत सांगतो, रात्रीचे दहा. मुलं पेंगतील म्हणाल, तर त्यांना दुपारी झोपवा. ज्येष्ठ मंडळींनीही दुपारीच आडवं व्हावं. घरात पाहुणे आले की रात्री चूल पुन्हा पेटते ना, तशी ही चूल आहे. तिच्या वेळेला आपण जागं राहायचं असतं.

तिथे काय बघाल? जोशींच्या दहीवड्याच्या दुकानात वडा आणि दही भरलेला द्रोण हवेत उडवून झेलतात. दही सांडत नाही. पाहायला येणाऱ्यांची तिथे गर्दी असते, पण माझी नजर पुढच्या गोष्टीवर असते. चार-पाच मसाले एकाच चिमटीत घ्यायचे आणि एकेक करून वेगळे सोडायचे, आधी मीठ, मग तिखट, मग जिरं, तेही न मिसळता. हे हातानंच कमवायचं कसब आहे. शिवाय थाळीएवढा जलेबा असतो. तो चौघांत एक घ्या, फुशारकीत पडू नका. माव्याची बाटी आहे, रबडी आहे, साबुदाण्याची खिचडी आहे, तीही शेव-मिक्श्चर घालून. उपासाला चालते का हे मला विचारू नका. मोमो आणि चायनीजही आता घुसलेत. त्यांना वळसा घालून पुढे जा.

सराफ्यातलाच भुट्टे का कीस. कोवळा मका किसायचा, तुपात मोहरी-हिंग-मिरचीच्या फोडणीवर परतायचा, दूध घालून आटवायचा, वर कोथिंबीर-लिंबू. हा पावसाळ्याचा पदार्थ. नखानं दाबलं की दूध निघतं असा मका माळव्यात पावसात येतो. हल्ली बारा महिने मिळतो, कारण स्वीट कॉर्न बारा महिने मिळतो. पण त्याचा कीस पाणचट आणि गोड होतो, शिरा खाल्ल्यासारखा. एप्रिलमध्ये आपण आईकडे डिंकाचे लाडू मागत नाही. मग मे महिन्यात भुट्टे का कीस का मागावा? म्हणजे घड्याळाबरोबर आता कॅलेंडरही आलं. तेच तर मी म्हणतोय.

छप्पन दुकानाचं थोडक्यात सांगतो. न्यू पलासियात आहे, काही वर्षांपूर्वी रस्ता नवा करून वाहनं बाहेर काढली, त्यामुळे निवांत बसता येतं. संध्याकाळी पाच-सहाची वेळ बरी. विजय चाटची खोबऱ्याची पॅटिस गरम असतानाच खावी. आणि शिकंजी जपून. लिंबूपाणी समजून पेला तोंडाला लावाल, तर ती निघेल दूध-रबडी-केशर-सुकामेव्याची, चमच्यानं खावी इतकी दाट. एक पेला म्हणजे अर्धं जेवण. नऊला शिकंजी प्यायलेला माणूस दहाला सराफ्यात नुसता बघ्या होतो. घ्यायचीच तर पाचला घ्या.

दाल-बाफल्यांचं विसरत होतो. कणकेचे गोळे आधी उकळत्या पाण्यात, मग भाजून, मग तुपात बुडवून. हे दुपारचं अन्न आहे, आणि त्यानंतर झोप ठरलेली. म्हणून बाफले आणि सराफा एका दिवशी ठेवू नका. बाफले खाल्लेल्या रात्री…

मला इथून खूण केली जातेय, दीडच मिनिट उरलंय. स्वच्छतेबद्दल बोलायचं होतं. 2017पासून हे गाव स्वच्छतेत देशात वर्षानुवर्षं पहिलं आलंय, आणि दोन वाजता सराफा उठल्यावर तिथे झाडणारे येतात ते दृश्यही बघण्यासारखं असतं, पण ते राहू द्या. गराडूचं सांगायलाच हवं. कोनफळाच्या जातीचा पांढरा कंद, आधी उकडून, फोडी करून तळतात, गिऱ्हाईक आलं की पुन्हा तळतात; वरून कुरकुरीत, आत मऊ, त्यावर मसाला आणि लिंबू. तो फक्त थंडीत येतो. थंडी सरली की गाडे दिसेनासे होतात. तेव्हा गराडूसाठी जायचं ते डिसेंबर-जानेवारीत. स्वेटर न्या, माळव्यातली रात्र गार असते, आणि सराफ्यात तर उभ्यानंच खायचं असतं.

मुंबईच्या श्रोत्यांसाठी शेवटचं. अवंतिका एक्सप्रेस मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी सुटते आणि सकाळी इंदुरात पोचते. सामान घेऊन आधी हॉटेलवर जाऊ नका. स्टेशनवरून रिक्षा करा आणि बॅगेसकट पोह्यांच्या रांगेत उभे राहा.