आपली बार्शी लाइट



कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरून पंढरपूरच्या छोट्या गाडीत धावत जागा धरलेले इथे अनेक जण आहेत. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी १८९७ मध्ये सुरू केलेली ती अडीच फुटी बार्शी लाइट. पुढे ब्रॉडगेज झाले, सोय झाली, तक्रार नाही.

पण अमेरिकेत मेन राज्यात १९३९ साली काही हौशी मंडळींनी भंगारात निघालेली एक ट्राम विकत घेतली. त्यातून ट्रामचे मोठे संग्रहालय उभे राहिले, तेही स्वयंसेवकांच्या हातांनी.

आपण इंजिनापासून सुरुवात नको करूया. घरातले जुने तिकीट, कंदील, फोटो, आजोबांनी सांगितलेली आठवण लिहून पुढच्या मेळाव्याला आणा. शाळेकडे एक कपाट मी मागतो.