चार्नोकाइट आणि त्याच्या शेजारचा नाइस: स्वागताध्यक्षीय भाषण

पृथ्वीच्या कवचाच्या खोल भागातील तीव्र उष्णतेत व दाबाखाली ज्यांची खनिजे पालटली असे उच्च श्रेणीचे रूपांतरित खडक आणि त्यांच्यालगतचा पट्टिताश्म, म्हणजे फिकट व गडद खनिजांचे एकाआड एक पट्टे असलेला नाइस, यांचे नाते हा या परिषदेचा विषय आहे.

दक्षिण भारतात या चर्चेचा आरंभ चार्नोकाइट या खडकापासून होतो. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी जॉब चार्नोक याच्या कोलकात्यातील कबरीवरील शिळेचे परीक्षण करून थॉमस हॉलंड यांनी 1893 मध्ये हे नाव दिले, आणि 1900 मधील ग्रंथात हा खडक शिलारसापासून थिजलेला, म्हणजे अग्निज, ठरविला.

हे मत सर्वत्र लागू पडत नाही, हे बंगळुरूच्या दक्षिणेकडील कब्बलदुर्गच्या खाणीने दाखविले. तेथे करड्या नाइसचे पट्टे सलग चालत येतात, मध्येच पुसट होतात, आणि त्याच जागी तेलकट हिरवट झाक असलेला, भरड कणांचा चार्नोकाइट काही सेंटिमीटर रुंदीच्या शिरांत व डागांत उमटतो. 1960 मध्ये सी. एस. पिचमुथू यांनी हा चार्नोकाइट नाइसपासूनच घडत असल्याचे मांडले. सुमारे 250 कोटी वर्षांपूर्वी, 700 अंश सेल्सिअसहून अधिक तापमानात, हॉर्नब्लेंड व बायोटाइट या पाणी धरून ठेवणाऱ्या खनिजांच्या जागी हायपरस्थीन हे पायरोक्सीन गटातील पाणीरहित खनिज आले. वीतभर अंतरावरच्या दोन खडकांचे तापमान व दाब वेगळे असणे शक्य नसल्यामुळे फरक पाण्याच्या प्रमाणातच शोधावा लागतो, आणि कब्बलदुर्गचे खरे मोल स्वागत समितीच्या मते याच तर्कात आहे. खालून आलेल्या कार्बन डायऑक्साइडने पाण्याचा प्रभाव कमी केला, असे एक पक्ष क्वॉर्ट्झमधील त्या वायूच्या सूक्ष्म समावेशांच्या आधारे म्हणतो. अंशतः वितळलेल्या द्रवाने पाणी शोषून नेले, असे दुसरा म्हणतो. आणि काही ठिकाणचे चार्नोकाइट खरोखरच अग्निज आहेत, हेही विसरता येत नाही.

भंडारा-बालाघाट पट्ट्यातही ग्रॅन्युलाइट, म्हणजे याच श्रेणीचे खडक, नाइसच्या सान्निध्यात आढळतात, आणि त्यांच्यातील सीमांचे असेच बारकाईने नकाशे करण्यास महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांनी पुढे यावे, अशी समितीची कळकळीची विनंती आहे. पहिल्या सत्राचे कामकाज सुरू करण्यासाठी समिती अध्यक्षांना पाचारण करीत आहे.