धान्य आणि धान्याची वाट
(सोलापूर येथे दुष्काळनिवारण समितीच्या सभेत एका वकील सभासदाने केलेले भाषण)



जमलेल्या वर्गणीचा विनियोग कसा करावा, हा प्रश्न आज सभेपुढे आहे. बहुतेक देणगीदारांचा ओढा मोठे अन्नछत्र घालण्याकडे दिसतो, व ते साहजिकच आहे. अन्नदानाचे पुण्य आपल्या लोकांस नव्याने सांगावे लागत नाही. अक्कलकोटास श्री स्वामी समर्थ अन्नछत्र मंडळ 1988 सालापासून भाविकांस भोजन देत आले आहे. तथापि माझे नम्र म्हणणे असे की, दुष्काळात माणूस उपाशी राहतो तो बहुधा मुलखात धान्य नसते म्हणून नव्हे, तर असलेल्या धान्यापर्यंत त्याचा हात पोहोचत नाही म्हणून. यास्तव आपण धान्यासाठी पैसा काढू, तसा तो ते धान्य गरजवंताच्या घरी जाण्याच्या वाटेसाठीही काढला पाहिजे.

आपल्याच जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा सर्वांस ठाऊक आहे. माणसे अन्नान्न करीत होती, आणि त्याच गावी बादशाही कोठारे धान्याने भरलेली होती. पंतांनी नवे धान्य पिकविले नाही. त्यांनी कुलूप काढले. 1876 ते 1878 च्या महादुष्काळातही हिंदुस्थानातून धान्य परदेशी जातच होते. त्या दुष्काळाची चौकशी करणाऱ्या 1880 च्या आयोगानेही हेच नमूद केले की, खरी उणीव अन्नापेक्षा मजुरीची होती. ज्याचे काम बुडाले त्याला भरलेला बाजार काय कामाचा?

आता कोणी म्हणेल की, ते दिवस गेले. आज सरकार धान्य देते. गोष्ट खरी आहे. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यान्वये प्राधान्य कुटुंबास दर माणशी महिना 5 किलो व अंत्योदय कुटुंबास एकंदर 35 किलो धान्य मिळते, आणि 1 जानेवारी 2023 पासून त्याची किंमतही द्यावी लागत नाही. परंतु 5 किलोचे दिवसास सुमारे 165 ग्रॅमच होतात. सर रिचर्ड टेंपल यांनी 1877 साली दुष्काळी कामावरील मजुरास दिवसाचे एक पौंड, म्हणजे सुमारे 450 ग्रॅम धान्य व वर एक आणा ठरविला, तेव्हा तेवढ्यात पोट भरत नाही म्हणून मुंबई इलाख्यात लोकांनी कामे सोडली होती. सारांश, शिधा हा आधार आहे, पुरवठा नव्हे. उरलेली ज्वारी, डाळ व तेल बाजारातूनच घ्यावे लागते, आणि पाऊस चुकला की भाव चढतो व मजुरी उतरते.

म्हणून माझी पहिली सूचना स्वस्त धान्याच्या दुकानाची आहे. व्यापारी मंडळींनी हिशेब करून पाहावा. समजा, 100 रुपयांची ज्वारी घेऊन ती 90 रुपयांस विकली. त्या 90 ची पुन्हा ज्वारी घेऊन 81 ला विकली. भाव स्थिर धरल्यास असे करीत मूळचे 100 रुपये सरेपर्यंत सुमारे 1000 रुपयांची ज्वारी गरिबांच्या घरी गेलेली असते. अन्नछत्रात तेच 100 रुपये एका पंगतीत संपतात. शिवाय पंगतीस बसण्यास ज्याला संकोच वाटतो, तो यंत्रमागावरचा कामगार किंवा विडी वळणारी बाई पदरचे पैसे देऊन ताठ मानेने धान्य घेते. 1896-97 च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी पुण्यास अशी दुकाने उघडविण्यात पुढाकार घेतला होता. सोलापूरच्या विणकरांचे हाल कळताच ते येथेही आले, व स्थानिक पुढाऱ्यांच्या सल्ल्याने त्यांच्या साहाय्याची योजना त्यांनी आखली. सरकारने ती स्वीकारली नाही. पण कसबी माणसास भिक्षेकरी न करता मदत करावी, हे तिचे तत्त्व आजही खरे आहे.

दुसरी सूचना माझ्या व्यवसायास धरून आहे. शिधापत्रिकेवर सुनेचे नाव चढलेले नसते. कष्टाने झिजलेल्या बोटाचा ठसा यंत्रास ओळखू येत नाही. ऊसतोडीस गेलेले कुटुंब परगावी हक्क सांगण्यास भिते. 13 मे 2016 रोजी स्वराज अभियान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आज्ञा केली की, दुष्काळी भागात केवळ शिधापत्रिका नाही म्हणून कोणत्याही कुटुंबास धान्य नाकारू नये, आणि शाळेतील मध्यान्ह भोजन उन्हाळ्याच्या सुट्टीतही चालू ठेवावे. हा हक्क किती जणांस ठाऊक आहे? समितीने दोन लिहितेवाचते कारकून नेमून अर्ज लिहून द्यावेत, माणसाबरोबर तहसील कचेरीत जावे, आणि तेथे दाद न लागल्यास जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे व राज्य अन्न आयोगाकडे प्रकरण न्यावे. वकीलवर्गाने हे काम विनामोबदला करावे, अशी माझी त्यास विनंती आहे.

अन्नछत्र नको, असे मी म्हणत नाही. ज्यांस चूल पेटविण्याचेही त्राण नाही, अशा वृद्ध, आजारी व निराधार लोकांस शिजलेले अन्नच दिले पाहिजे. ते त्यांच्यासाठी राखावे, इतकेच.

तेव्हा व्यापाऱ्यांनी दुकानास भांडवल द्यावे व खरेदीच्या भावाने माल पुरवावा. जमीनदारांनी साठवणीस जागा, वाहने व शक्य तितकी ज्वारी द्यावी. इतर देणगीदारांनी दर महिन्याची तूट भरून द्यावी. दुकानाचा जमाखर्च दरमहा दारावर लावण्यात यावा. दामाजीपंतांच्या कथेत कोठार उघडण्याइतकेच महत्त्व बादशहाची रक्कम चुकती होण्यास आहे. ती भरण्यास, परंपरा सांगते, खुद्द विठोबास बिदरास जावे लागले. आपल्या कोठाराची रक्कम मात्र आपल्यालाच भरावयाची आहे. ती आज, याच सभेत, वर्गणीच्या वहीत मांडावी, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.